उजवीकडचा फुगा

धुळे, ९ जानेवारी २०२५

अक्का,

पाया पडतो.

तू फोन उचलत नाहीस. दाजी उचलतात आणि केळीबद्दल बोलतात. म्हणून हे पत्र. आज हिलालची ड्युटी मुक्ताईनगरच्या गाडीवर आहे, तो घरी आणून देईल. मी आजारपणाच्या रजेवर असलो तरी आमच्या डेपोतले कंडक्टर अजून माझी कामं करतात.

डायलिसिसच्या खाटेवरून लिहितोय. डाव्या हातात सुया आहेत. उजवा मोकळा आहे.

काल नाशिकच्या दवाखान्यातून बाईंचा फोन आला. म्हणाल्या, 'तुमच्या बहिणीचं किडनी देण्याचं काम तूर्त थांबवलंय.' मी विचारलं, का? म्हणाल्या, 'ते त्यांनाच विचारा. आम्हाला सांगता येत नाही.'

रक्तगट जुळला होता. बाकीचंही जुळलं होतं. एक स्कॅन राहिला होता, तो तू सोमवारी करून आलीस आणि तेव्हापासून गप्प झालीस.

हेमांगी म्हणते, सासरच्यांनी अडवलं असणार. 'लग्न झालेल्या बाईची किडनी नवऱ्याच्या घरची असते, तुमच्या नाही,' असं माझी बायको मला म्हणते. मी तिला गप्प केलं. पण तसं असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. तू नाही दिलीस तरी माझी बहीणच आहेस. मला फक्त कारण सांग. इथे पडल्या पडल्या छताकडे बघताना मी रोज नवं कारण शोधतो, आणि प्रत्येक कारणात तू थोडी वाईट होत जातेस. ते मला नको आहे.

मायला काही सांगितलेलं नाही. तू किडनी देणार होतीस हेही तिला माहीत नाही. आपलं तसंच ठरलं होतं.

नवल

•

मुक्ताईनगर, १३ जानेवारी

नवल,

मला कोणी अडवलेलं नाही. हेमांगीला तेवढं सांग.

सोमवारी स्कॅन झाला. दंडात औषध सोडलं, अंग आतून गरम झालं, मशीनमधून बाहेर आले. मी खाली वाकून चप्पल शोधत होते. तिथली पोरगी म्हणाली, 'मावशी, जरा थांबता का?' मग एक डॉक्टर आला. मग दुसरा. दोघे काचेपलीकडे पडद्याकडे बघत होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

मग मला खुर्चीवर बसवलं. उजव्या किडनीकडे जी धमनी जाते, ती किडनीत शिरण्याआधी फुटते, तिच्या दोन फांद्या होतात. त्या फाट्यावर फुगा आहे. सुपारीएवढा. धमनीची भिंत तिथे पातळ होऊन बाहेर आली आहे. कधीपासून ते सांगता येत नाही. कशामुळे, तेही नाही. मला काहीच दुखत नव्हतं, नवल. आदल्या दिवशी मी मळ्यात केळीचे घड वाहिले होते.

मोठे डॉक्टर म्हणाले, 'हा फुटला तर आतल्या आत रक्तस्राव होतो. माणूस दगावू शकतो.' असं सरळ म्हणाले. मग म्हणाले, 'फुटेलच असं नाही. पण एवढा मोठा आम्ही ठेवत नाही.'

मी विचारलं, मग किडनी कधी घेणार?

ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले.

मी धडधाकट आहे म्हणून गेले होते. देणारी म्हणून गेले होते. परत येताना गाडीत एक बाई म्हणाली, जरा सरकून बसा, तर मला सरकायची भीती वाटली. घरी येऊन पोटाला हात लावून पाहिलं. काही लागत नाही. नेहमीसारखंच पोट. आत काय आहे ते मला दोन अनोळखी माणसांनी काचेतून पाहून सांगितलं आणि तेव्हापासून मी शिंकतानासुद्धा भिंत धरते.

फोन घेतला नाही, कारण तुझ्याकडे फोन स्पीकरवर असतो. पोरं ऐकतात. पोरांकडून मायला कळतं. तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

अक्का

•

धुळे, १८ जानेवारी

अक्का,

पत्र वाचलं आणि मशीन बोंबलायला लागलं. नर्स धावत आली. प्रेशर खाली गेलं होतं. तिने कागद काढून घेतला आणि म्हणाली, 'काका, इथे वाचायचं ते पेपर वाचा.'

काल नाशिकला जाऊन आलो. डॉक्टरांनी आधी फोनवर तुला विचारलं आणि मग मला सांगितलं. म्हणजे मी भेटणार हे तुला माहीत होतं.

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून दाखवलं. असे फुगे पोटातल्या कुठल्याही धमनीवर येतात. प्लीहेच्या, यकृताच्या, आतड्याच्या. बरेचसे मांडीतून नळी घालून आतूनच बंद करतात. तारेची बारीक वेटोळी फुग्यात भरतात किंवा धमनीला आतून जाळीचं अस्तर देतात. तुझा फाट्यावर आहे. तो तसा बंद केला तर अर्धी किडनी वाळून जाईल. म्हणून किडनी बाहेर काढायची, बर्फात ठेवायची, फुगा कापायचा, तिथे शिरेचं ठिगळ लावायचं आणि परत बसवायची.

मी विचारलं, 'परत कुठे?'

ते म्हणाले, 'तेच तर तुमच्या बहिणीशी बोललो होतो. त्यांच्याच ओटीपोटात बसवता येते. नाहीतर तुमच्या.'

हे तू मला लिहिलं नाहीस.

मी इथे लिहून देतो. तुझी तुझ्यातच बसव. मी मशीनवर आहे, मशीन चालू आहे. माझ्यासारखे इथे पुष्कळ आहेत. काही गाणी ऐकतात.

अजून एक. मायचा गावाहून फोन आला होता. हेमांगीच्या तोंडून निघून गेलं की अक्का नाशिकला दवाखान्यात गेली होती, पोटाचं काहीतरी आहे. मग माय मला सोडेना. शेवटी मी म्हटलं, 'काही नाही व माय, अक्काची बेंबी सरकली आहे.' ती हसायलाच लागली. 'तितलंच ना? मी घाबरी गऊ.' साक्रीकडची अर्धी गावं तिच्याकडे बेंबी बसवायला येतात, त्यामुळे तिच्या लेखी सगळ्यात बिनधोक दुखणं तेच. मला तेच सुचलं. ती शांत झाली.

नवल

•

मुक्ताईनगर, २४ जानेवारी

नवल,

हो, मला सांगितलं होतं. लिहिलं नाही, कारण 'तुझ्यातच बसव' असं तू लगेच लिहिशील हे माहीत होतं. लिहिलंसच.

माझं ठरलं आहे. डावी किडनी चांगली आहे, तिच्या धमन्या स्वच्छ आहेत, दोनदा पाहिल्या. एकीवर माणूस जगतं. उजवी कशीही निघणारच आहे. एकदा पोट फाडून काढलेली वस्तू मी पुन्हा माझ्याच पोटात ठेवू आणि तू मशीनवर पडून रहा, हे मला जमणार नाही. दवाखान्याच्या समितीपुढे मी आणि हे दोघे जाऊन आलो. त्यांनी मला वेगळं बसवून विचारलं, कोणाची जबरदस्ती आहे का? मी म्हटलं, भावाची आहे, तो घ्यायला नाही म्हणतोय. मॅडम हसल्या.

हे सुरुवातीला दोन दिवस मळ्यातच राहिले. मग जेवताना म्हणाले, 'डाग पडलेला घड व्यापारी बांधावरच टाकून जातो. तुझा भाऊ घेतोय म्हणजे माणूस चांगला आहे.' मी हसले आणि हसताना पोट धरलं. मग तेही हसायचे थांबले.

हेमांगीने यांना विचारलं म्हणे, ठिगळाची किडनी किती वर्षं टिकते? मला राग नाही. तिने विचारायलाच हवं. पण डॉक्टरांना विचार म्हणावं, केळीवाल्याला नको.

तारीख फेब्रुवारीच्या शेवटी मिळाली आहे. तोवर जड उचलायचं नाही, पोटाला मार बसू द्यायचा नाही, कुशीत दुखलं तर तडक निघायचं. रोज रक्तदाब तपासायचा. मी घड उचलत नाही. हंडाही उचलत नाही. शेजारणींना वाटतं मला या वयात दिवस राहिलेत.

मायला शस्त्रक्रिया होईपर्यंत काही कळता कामा नये. कळलं तर ती दवाखान्याच्या दारात बसेल. एका लेकरासाठी दुसरं लेकरू ती कापू देणार नाही. ती बसली तर तिला ओलांडून मी आत जाऊ शकणार नाही, मला माझं माहीत आहे. तुझं बेंबीचं खोटं चांगलं आहे. तेच चालू ठेव.

अक्का

•

धुळे, ३० जानेवारी

अक्का,

हो.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. मग वाटलं, हे फार कमी झालं.

मला दिवसभरात जेवढं पाणी पिऊ देतात तेवढं पूर्वी मी एका स्टॉपवर प्यायचो. काल स्वप्नात दोंडाईच्याच्या स्टँडवरच्या नळाला तोंड लावून पीत होतो. उठल्यावर लाज वाटली. तुझ्या पोटात ते तसं आहे आणि मला नळ दिसतो.

हेमांगी तुझ्याशी बोलेल. तिला शब्द सापडत नाहीयेत.

नवल

•

धुळे, १९ फेब्रुवारी

अक्का,

तू आता पत्र वाचू शकतेस असं दाजी म्हणाले. तोंडातली नळी काढली, सकाळी पेज घेतलीस. दाजी हे पत्र जळगावला घेऊन येतील. वाचून झालं की त्यांच्याकडेच दे.

मी त्या दिवशी आलो होतो. तुला आठवणार नाही. दाजींचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होतो. अर्ध्यात सोडवून घेतलं. जळगावला पोचलो तेव्हा तू आत होतीस.

डॉक्टर बाहेर आले. तरुण आहेत, कपाळाला घाम होता. म्हणाले, फुगा फुटला. रक्त पोटाच्या पोकळीत न जाता पाठीच्या बाजूला साठलं, तिथे दबून राहिलं, म्हणून इथवर यायला वेळ मिळाला. किडनी काढून टाकावी लागली. दुरुस्तीला वेळ नव्हता, रक्त थांबवायचं होतं.

मी विचारलं, 'बर्फात ठेवली का?'

तू आत होतीस, जगशील की नाही ते ठरलं नव्हतं आणि मी ते विचारलं. डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते परत आत गेले. दाजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी ऐकलं. ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय.

मग मी वळलो आणि बाकावर माय बसलेली.

मला काही कळेना. ती गावात असायला हवी होती. तिच्या हाताला तेलाचा वास येत होता. दाजी म्हणाले, ती आदल्या दिवशी एकटीच एसटीने आली, कोणाला न सांगता. 'पोरनी बेंबी बसाडाले उनू' असं म्हणाली. तू कोसळलीस तेव्हा ते मळ्यात होते. मायनेच बोंब ठोकली, तुमच्या शेजारच्या जीवरामची पिकअप रस्त्यात आडवी होऊन थांबवली आणि तुझं डोकं मांडीवर घेऊन जळगावपर्यंत बसली.

ती आता धुळ्याला माझ्याकडे आहे. येईल त्याला सांगते, 'मी व्हतू म्हनीसन पोर वाचनी.' शेजारच्या मंदाबाई तिला नमस्कार करून गेल्या. आणि ते खरंही आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

पण दाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या खाटेखाली तेलाची वाटी होती.

बेंबी सरकली हे मी सांगितलं होतं. ते माझं. ते मी कुठे ठेवू ते मला कळत नाही. पण तुला तर माहीत होतं, अक्का. तुला माहीत होतं आत काय आहे. तिने दाबलं का? आणि दाबलं असेल, तर तू दाबू का दिलंस?

नवल

•

मुक्ताईनगर, ४ मार्च

नवल,

घरी आले आहे. बसून लिहिते, मग पडते, मग पुन्हा लिहिते. अक्षर सांभाळून घे.

दाबलं.

ती आली तेव्हा मी चुलीवर वांगी भाजत होते. दारातूनच म्हणाली, 'काय व कोकिळा, बेंबी सरकनी नि मायले सांगं बी नही?' पिशवीत तेलाची बाटली, माझ्यासाठी बिबड्या आणि तुझ्यासाठी नागलीचे पापड. मी म्हटलं, आता बरी आहे. ती म्हणाली, 'बरी शे का नही, ते मना अंगठा सांगी.' पोट सकाळी रिकामं लागतं, म्हणून ती रात्री राहिली. आम्ही दोघी एका गोधडीत झोपलो. सकाळी हे मळ्यात गेले आणि तिने मला खाटेवर निजवलं.

मी नाही म्हणू शकत होते. पण मग कारण द्यावं लागलं असतं. कारण दिलं की फुगा सांगावा लागला असता, फुगा सांगितला की नाशिक, आणि नाशिक का, तर तू. तारीख जवळ आली होती. तिने सगळं उधळून लावलं असतं. मी मनात म्हटलं, बेंबी पुढे आहे, फुगा मागे आहे. म्हातारीचा हात कितीसा आत जाणार.

तिची रीत तुला माहीत आहे. सुरुवातीला एकदा सांगते, 'दुखनं का सांग,' आणि मग बोलत नाही. माणूस ओरडलं की अंगठा तिथे थांबतो आणि दुसरीकडे वळतो. ओरडलं नाही तर ती आणखी दाबते. बेंबीभोवती काही वाटलं नाही. बरं वाटलं. खरं सांगते, तिचा हात पोटावर होता आणि मला झोप येत होती. मग ती उजवीकडे गेली.

तिथे दुखलं. लहानपणापासून कधी दुखलं नव्हतं असं दुखलं. मी ओरडले असते तर तिला लगेच कळलं असतं. बेंबीचं दुखणं तिथे नसतं. ती दुसरंच काही आहे म्हणाली असती. मी वरच्या पत्र्याकडे बघत राहिले. तिला शंका आली असावी, कारण ती कधी विचारत नाही आणि तिने विचारलं. 'दुखस का?'

मी म्हटलं, 'नाही.'

मग ती दाबत राहिली.

दुपारी मी पाटावरून उठले आणि वाटलं, कोणी मागून कमरेत कोयता घातला. पुढचं मला माहीत नाही.

मी हे जळगावच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, 'दाबल्याने फुटला की फुटायलाच आला होता, हे कोणीच सांगू शकणार नाही.' मी म्हटलं, तुम्ही अंदाज सांगा. ते म्हणाले, 'ताई, अंदाज सांगून काय होणार?'

तू बर्फाचं विचारलंस. मी शुद्धीवर आले तेव्हा यांना पहिलं काय विचारलं, ते हे तुला सांगणार नाहीत. तेच विचारलं.

आता माझ्याकडे एकच आहे. तुला द्यायला माझ्याकडे काही नाही.

मायला सांगू नकोस. तिला वाटतं तसं वाटू दे.

अक्का

•

धुळे, १० मार्च

अक्का,

तुझं पत्र मी डेपोच्या मागे बसून वाचलं. घरी वाचता आलं नसतं. घरी माय आहे.

आता जे झालं ते ऐक. काल ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, 'कोकिळानी किडनी गयी तरी ती एकवर जगी राहिनी ना? मंग मनी एक तुले दे.' मी म्हटलं, माय, तुझं वय. ती म्हणाली, 'वयले काय व्हयनं? मी पोर वाचाडी. आते आंडोर वाचाडसू, तुले.' कंबर बांधून उभी राहिली, कापूस वेचायला निघाल्यासारखी.

हेमांगीने मला न विचारता नाशिकला फोन केला. डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. वय जास्त आहे, पण तपासू म्हणाले. रक्तगट चालतो. आधी तिच्या पोटातल्या धमन्यांचा स्कॅन करतील. असे फुगे कधी कधी एकाच घरात निघतात म्हणे. माझाही करणार आहेत. हेमांगी देवापुढे बसली आहे. तिला मी काही बोलू शकत नाही.

मायला सांगितलं नाही, तर ती देईल, कारण तिला वाटतं तिने तुला वाचवलं. सांगितलं, तर ती देईल, कारण तिला वाटेल तिने तुला मारत आणलं होतं. मी कुठली घेऊ? किडनी एकच आहे.

आणि सांगितल्यावर तिने दिलीच नाही तर? ती खचली, झोपून राहिली तर? मग मी तिघांचं वाटोळं केलं. आणि अक्का, मला जगायचंय. हे मी अजून कोणाला बोललेलो नाही. न सांगता घ्यावी असं मला दिवसातून कितीतरी वेळा वाटतं.

तू सांगशील तसं करतो.

नवल

•

मुक्ताईनगर, १५ मार्च

नवल,

सांग.

मागच्या पत्रात मी सांगू नको लिहिलं होतं. तेव्हा तिच्या पोटावर कोणी सुरी धरलेली नव्हती. आता आपण तिला काही न सांगता टेबलावर झोपवणार असू, तर मी त्या सकाळी जे केलं तेच आपण पुन्हा करतोय.

सगळं सांग. तुझं खोटं सांग आणि माझंही सांग. तिने विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, ते नक्की सांग. ते वगळलंस तर उरतो फक्त तिचा अंगठा.

त्यानंतर ती द्यायला नाही म्हणाली, तर तू मशीनवर राहशील. हे मला कळतं. कळून लिहिते आहे. हे वाक्य लिहायला मला सकाळ गेली.

अक्का

•

धुळे, २१ मार्च

अक्का,

सासूबाई सांगतात तसं लिहिते. तुम्हालाच लिहायचं आहे म्हणतात, फोन नको म्हणतात. मी मध्ये माझं काही घातलेलं नाही.

हेमांगी

कोकिळा,

नवलनी सांगं. मी भाकर करत व्हतू. भाकर तवावरच बळी गयी, काळी कोळसा.

मी त्याले थापड मारी. मंग त्याना हात देखा, सुईसना वणच वण. तुलेबी मारसू. बरी व्हय, मंग मारसू.

त्याले विचारं, डॉक्टर काय म्हनस, मना हातनीच फुटनं का? तो म्हने, डॉक्टरले सांगता येत नही. मी म्हनं, माले येस. मना अंगठाखाल काहीतरी उडत व्हतं. मी समजनू, हाईच ती बेंबी, आठे यीसन बठनी. मी तिले सरकाडत व्हतू, पोरी. जागावर लई जात व्हतू.

इतला वरीस लोकेसना पोटवर हात ठेवा. बठ्ठा वरडतस, एकबी सुटत नही. मोठला मोठला गडी वरडतस. वरडनं का माले समजस, आठे नही जावानं. तू वरडनी नही. न्हानपने मी तुनी येनी घालू तं तू इतली वरडे, गल्ली गोळा व्हये. त्या दिन माले वाटनं, पोर मोठी व्हई गयी.

काल मंदाबाई एक बाईले लई उनी, पोट धरेल. मी हात लावा नही. म्हनं, दवाखानामा जाय. ती म्हने, काबर व माय, तू तं पोर वाचाडी ना? मी तिले बठ्ठं सांगं, तुनं नाव लीसन सांगं. ती बाई उठीसन चालनी गयी. मंदाबाईबी गयी.

नवल रडस. म्हनस, माय, तू पाप फेडाले देस, मी लेवाव नही. मी म्हनं, पाप फेडाले मनाजोडे दुसरं बी पडेल शे, ते मी मनं देखसू. तुले पोटभर पानी पेवाले मिळत नही, म्हनीसन देस. तू लेस का नही तितलं सांग. तो म्हने, लेस.

सोमवारले नाशिकले जावानं शे. मना पोटमा यंत्र लाईसन देखतीन. जे निंघी ते माले सांगतीन, मना तोंडवर सांगतीन, आसं मी नवलकडथीन कबूल करी लिन्हं. माले बेंबी सरकनी आसं कोनी सांगानं नही.

नि डॉक्टरनी दाबं नि दुखनं, तं मी वरडसू. बठ्ठा दवाखाना ऐकी.